मसुराच्या कोठीत गहू

नेल्स शिडीवरून उतरला तो मूठ मिटूनच. सरळ पिकअपच्या मागच्या फळीशी आला, जिथे त्याची आई मार्लिस जेवणाची भांडी मांडत होती, आणि भट्टीत भाजलेल्या बटाट्याच्या कॅसरोलच्या झाकणावर त्याने मूठ उघडली. दाणे चार नंबरच्या कोठीतले होते. तिथे मसूर असायला हवा होता. झाकणावर पडला तो गहू, चांगला पिवळाधमक.

मार्लिसने एकदा दाण्यांकडे पाहिलं, एकदा मुलाकडे. "वरवरच असेल रे."

"वरवर नाही, मॉम. अख्खा ट्रक आहे. कोपरापर्यंत हात खुपसून बघितलं मी."

ज्याने जन्मात कधी कोठी भरली नाही त्याला वाटेल, यात काय एवढं? पण गहू मिसळलेला मसूर खरेदीदार दारातूनच परत पाठवतो. गारा, टोळ, वारा, सगळ्यांतून पीक वाचवायचं आणि शेवटच्या घटकेला चुकीच्या झाकणाखाली ओतायचं, याइतकं नामुष्कीचं काही नाही. आमच्या प्रेअरीच्या माळरानावरची माणसं दारुडा जावई पोटात घालतील, पण कोठीतली भेसळ विसरणार नाहीत. गावात एक जण आहे, त्याच्या आजोबांनी अळशीत मोहरी ओतली होती. नातवाची ओळख आजही तीच आहे, आणि आजोबा जाऊन जमाना झाला.

झालं होतं ते असं. काल सकाळी मसूर कापून संपला आणि दुपारी गहू कापायला घेतला. ट्रकमधलं धान्य वर चढवणारा लांब पाइप तोवर मसुराच्या चार नंबरवरच लावलेला होता. गव्हाचा पहिला ट्रक येण्याआधी तो सहा नंबरवर न्यायला हवा होता. कोणीतरी तो न हलवताच ट्रक रिकामा केला. नेल्स दिवसभर हार्वेस्टरवर होता. ट्रकवर दोघंच होती, त्याची बहीण सिग्ने आणि वडील आर्विड.

मग कोणाचं नाव आधी निघणार, हे टॉलेफसनांच्या घरात सांगायला लागत नाही.

"तिला आत्ताच काही बोलू नकोस," मार्लिस दाणे झाकणावरून झटकत म्हणाली. "जेवू दे आधी."

"कधी बोलू मग? अजून दोन ट्रक ओतून झाल्यावर?"

मार्लिस काकडीच्या लोणच्याची बरणी उघडायला लागली, आणि झाकण काही केल्या निघेना. तिच्या डोळ्यांसमोर वसंतातलं ते स्वयंपाकघर होतं. आर्विडने टेबलावर हात ठेवून सांगितलं होतं, की यंदाची कापणी सिग्ने चालवेल. नीट पार पडली तर शेत तिच्याकडे. नाही पडली तर सगळं मोठ्या कंपनीला भाड्याने देऊन तो मोकळा होणार. नेल्सला शेत नकोच होतं, तो कॅल्गरीतली नोकरी सांभाळून रजेवर यायचा. म्हणजे सिग्ने, नाही तर परकं माणूस. आणि आर्विड टॉलेफसन बोललेला शब्द मागे घेत नाही, याचा मार्लिसला अभिमान होता. आज भीती वाटली.

तेवढ्यात तीन दिशांनी तिघं आली. आर्विड ट्रकमधून उतरला. त्याची थोरली बहीण व्हर्ना गावातून बेरीचा पाय, पारीत बेरी भरून भाजलेला गोड पदार्थ, घेऊन आली. गावच्या शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली तरी गाडीतून उतरताना ती अजून हजेरी घ्यायला आल्यासारखीच उतरते. आणि सिग्ने कोठ्यांकडून चालत आली. डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत जाड काळ्या शाईने लिहिलेलं: चार मसूर, पाच मसूर, सहा गहू, सात रिकामी. शर्टाच्या खिशाला स्वयंपाकघरातला टायमर अडकवलेला.

"हात आहे का फळा?" व्हर्ना म्हणाली.

"फळा पुसून टाकतात, आत्या. हे आंघोळीनेसुद्धा जात नाही."

शेतात जेवताना भांडायचं नाही, हा आर्विडच्या आईचा नियम. भांडण असेल तर घरी न्या, गव्हापुढे तोंड वाजवू नका, असं ती म्हणायची. पन्नास कापण्या हा नियम पाळला गेला. नेल्सने तो दोन घासांत मोडला.

"सिग, चार नंबरमध्ये गहू आहे."

सिग्नेने काटा खाली ठेवला. "किती?"

"एक ट्रक. कालचा पहिला असणार. पाइप हलवलाच नव्हता."

सिग्नेने डोळे मिटले आणि ती कालच्या दुपारी गेली. पाइप तिने हलवला होता, हे नक्की. ट्रॅक्टर जोडला, चाकाखालचा दगड काढला, सगळं आठवत होतं. पण ट्रक रिकामा करायच्या आधी, की नंतर? ते सापडेना. आयुष्यभर तिचं हे असंच होतं. जे घडलं ते लख्ख आठवायचं, पण ते कशाच्या आधी घडलं हे विचारलं की डोक्यात नुसता धुरळा. आणि लोक तिच्याकडे ज्या नजरेने बघायचे, त्या नजरेलाच ती हळूहळू पुरावा मानायला शिकली होती.

"गोळी घेतलीस का आज?" व्हर्नाने विचारलं.

या घरात पेला फुटला तरी हाच प्रश्न. सिग्नेने आईकडे पाहिलं. मार्लिस लोणच्यात चमचा फिरवत राहिली.

"नाही. जुलैपासून बंद आहे."

"काय?" आर्विडचा हात थांबला. "जुलैपासून? आणि मला हे आज कळतंय?"

"छातीत धडधडायचं, डॅड. रक्तदाब चढला होता. दवाखान्यातली नर्स म्हणाली, कापणी होईपर्यंत थांबू, मग दुसरी एखादी हलकी गोळी बघू. मॉमला माहीत होतं."

"मॉमला माहीत होतं," आर्विड म्हणाला. "वा."

"तुला सांगितलं असतं तर काय म्हणाला असतास?" मार्लिसने चमचा खाली ठेवला. "तीन वर्षांपूर्वी मी तिला तपासायला नेलं तेव्हा काय म्हणालास, ते आठवतंय का? एडीएचडी हे शहरातल्या लोकांचं दुखणं आहे. शेतावरच्या माणसाला गोळी कशाला, कुदळ द्या."

"म्हणालो असेन. पण मग गोळीने फरक पडलेला मी बघितला ना. आता कापणी अंगावर असताना ती बंद करायची, याला काय म्हणायचं?"

"जीव वाचवणं म्हणायचं. माझा भाऊ हार्वेस्टरमध्येच गेला, हृदय बंद पडून. माझ्या मुलीने ती गोळी पुन्हा कधीच घेतली नाही तरी चालेल मला."

"मार्लिस, तू टोकाला जातेस," व्हर्ना मध्ये पडली. "माझ्या शाळेत गोळी घेऊन किती पोरं माणसांत आली. वाचायला लागली. गोळी वाईट नसते, ती मध्येच सोडणं वाईट. नर्सला विचारून एखादी थोडी कमी..."

"शाळा सुटली ना, व्हर्ना?" मार्लिस म्हणाली.

"म्हणजे बघ," नेल्स बहिणीकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "कोणी तुला दोष देत नाही, सिग. तब्येत आहे. पण गोळीशिवाय हे झेपणार नाही, हे मान्य कर. उरलेल्या दिवसांचं मी बघतो. रजा वाढवून घेतो."

तो हे प्रेमाने म्हणत होता, आणि सिग्नेला तेच जास्त लागलं. चौघं जण तिच्या तोंडात काय जावं, काय जाऊ नये, हे तिच्या डोक्यावरून ठरवत होते. तिच्या बशीतलं कॅसरोल गार होत होतं.

आणि आर्विड?

आर्विड बोलत होता, आवाज चढवत होता, पण खरं काय ते त्याला केव्हाच कळलं होतं. नेल्सने 'पाइप हलवलाच नव्हता' म्हटलं तेव्हाच. पहिला ट्रक त्याचा होता. तो कोठ्यांपाशी आला आणि फोन वाजला. दुकानातून हार्वेस्टरच्या पट्ट्याबद्दल विचारत होते. बोलता बोलता त्याची नजर पश्चिमेच्या ढगाकडे गेली. ढग पाऊस देणार की नुसता फिरणार, हे बघताना हाताने आपलं आपण काम केलं. मोटर सुरू केली, ट्रकखालची झडप उघडली. मग तो पट्टा आणायला गावात गेला. मागून आलेल्या सिग्नेने पाइप सहा नंबरवर नेला, कारण तिच्या हातावर सहा गहू लिहिलेलं होतं.

त्याला हे सगळं स्वच्छ दिसत होतं, आणि तो मूग गिळून बसला होता. चाळीस वर्षं त्याने या कोठ्या भरल्या होत्या. त्याला हातावर लिहायची गरज नव्हती, असं तो वसंतात सगळ्यांसमोर म्हणाला होता आणि वर हसलाही होता. आता थोडं थांबू, त्याने मनाला सांगितलं. भांडण जरा निवू दे, मग सांगू. पुढ्यात बरणी होती. त्याने काकडीची एक फोड घेतली आणि चावत बसला.

"मी केलं असेल," सिग्ने म्हणाली.

नेल्सने मान वर केली.

"मला नक्की आठवत नाही, म्हणजे मीच केलं असेल. खोटं कशाला बोलू? आता माझं ऐका." ती उभी राहिली होती, कधी उठली ते तिलाही कळलं नव्हतं. "गोळीबद्दल तुम्ही सगळे काय म्हणताय ते ऐकलं. मॉम, गोळी वाईट नाही. तीन वर्षं ती घेतली म्हणून मला कळलं, की डोकं शांत असलं की कसं वाटतं. पहिल्या आठवड्यात मी न्हाणीघरात बसून रडले होते, इतकं सोपं असतं का इतरांना म्हणून. नर्स म्हणाली, तर हिवाळ्यात मी पुन्हा घेईन. आणि आत्या, नर्स नाही म्हणाली, तर नाही घेणार. तो माझा आणि तिचा प्रश्न आहे. जेवणाच्या फळीवर मतदान घेऊन तो सुटणार नाही."

"मतदान कोण घेतंय," व्हर्ना पुटपुटली.

"तूच. आणि नेल्स, झेपत नाही म्हणालास ना? पहाटे उठून अंडी खाते, मग कॉफी, तीही एकच. फोन घरी ठेवते. ट्रक रिकामा करायच्या आधी नंबर मोठ्याने कमरेच्या वायरलेस रेडिओवर बोलते, वेड्यासारखी, सगळ्या गावाला ऐकू जातं. डोळे मिटायला लागले की टायमर लावून पाच मिनिटं चालते. गोळी होती तेव्हा यातलं अर्धं करावं लागत नव्हतं. आता सगळं करावं लागतं, आणि मी करते. दमते, पण करते."

"तरी गहू पडला ना," नेल्स म्हणाला.

"पडला. शेजारच्या हॅल्वरसनांकडे धान्य ओढायचं व्हॅक्यूम आहे, ते मी आत्ता मागून घेणार. वरचा गहू निघेल. मधला हातभर थर भेसळीचा राहील, तो गुरांना. खालचा मसूर शाबूत आहे, कारण मसूर दबून बसतो, गहू त्यात फार खोल जात नाही. उद्या दुपारपर्यंत कोठी साफ. चूक माझी धरा. पण कापणी मी सोडणार नाही. डॅडने मला दिली आहे. काढून घ्यायची असेल तर त्याने तोंडाने सांगायचं, की सिग्ने, तुला जमत नाही. इतर कोणी नाही."

आता सगळे आर्विडकडे बघायला लागले. मार्लिसही. पण ती वेगळं बघत होती. सुनावणी चालू असताना तिच्या नवऱ्याने पायला हात लावला नव्हता, आणि व्हर्नाचा बेरीचा पाय आर्विडने न खाल्लेला तिने लग्न झाल्यापासून पाहिला नव्हता. शिवाय टोपी. खरं बोलायचं नसलं की तो टोपी भुवयांपर्यंत ओढतो. चाळीस वर्षं एका घरात राहिलं की माणसाची टोपीसुद्धा वाचता येते.

"आर्विड," ती म्हणाली. फक्त नाव.

आर्विडने टोपी काढली. कपाळावर उन्हाची रेघ होती, खाली लाल, वर पांढरं.

"पहिला ट्रक माझा होता."

"काय?" नेल्स म्हणाला.

"माझा होता. फोन चालू होता. ढग बघत होतो. पाइपकडे लक्षच गेलं नाही. तिने नंतर हलवला." त्याने सिग्नेकडे बघायचा प्रयत्न केला आणि तिच्या हातावरच्या शाईपर्यंतच त्याची नजर पोचली. "तिने काही केलेलं नाही."

व्हर्नाने हातातली सुरी पायमध्येच ठेवली. "तुला हे कधी कळलं?"

"जेवायला बसलो तेव्हा."

सिग्नेचा चेहरा आधी रिकामा झाला. मग लाल. आपण निर्दोष आहोत याचं समाधान वाटायला हवं होतं, ते कुठेच नव्हतं. संताप होता, आणि त्याच्या खाली लहानपणापासूनची एक जुनी दमणूक.

"मी केलं असेल म्हणाले," ती हळू म्हणाली, "तेव्हा तू लोणचं खात होतास."

"हो."

"मी स्वतःवर घेतलं, डॅड. मला खरंच वाटलं, की मीच. नेहमी मीच असते, म्हणून. आणि तुला माहीत होतं."

"हो. लाज वाटत होती. अजून वाटते आहे. माफ कर मला, पोरी."

टॉलेफसनांच्या घरात माफी हा शब्द कोणी वापरत नाही. नेल्सला कुठे बघावं कळेना, तो कोठ्यांकडे बघायला लागला. सगळ्यात आधी बहिणीचं नाव आपणच घेतलं होतं, हे त्याला आठवलं. "सॉरी, सिग," तो म्हणाला. "मी विचारायला हवं होतं. थेट ठोकून दिलं."

व्हर्ना मात्र भावाकडे टक लावून बघत होती. कितीतरी पोरं तिने ओळखली होती, वर्गाच्या दारातून नुसती नजर टाकून. खिडकीबाहेर बघणारी, अर्धं वाक्य टाकून पळणारी, रोज मोजे हरवणारी. "आर्विड, तुला चौथीत भिंतीकडे तोंड करून बसवायचे. खिडकी दिसू नये म्हणून."

"मग? तेव्हा त्याला नाव नव्हतं. मास्तर कामचुकार म्हणायचे, आणि बापाचा पट्टा होता."

"आणि मी तुझ्याच घरात वाढून..." व्हर्नाने वाक्य सोडून दिलं. तिला असं करताना कोणी कधी पाहिलं नव्हतं.

आर्विडने टोपी गुडघ्यावर फिरवली. "ती तुझी नर्स," तो सिग्नेला म्हणाला, "माझ्यासारखी म्हातारी खोडं बघते का?"

"बघते. पण फोन तू करायचा. मॉम करणार नाही, मीही करणार नाही."

"कापणी झाल्यावर?"

"उद्या सकाळी. नाहीतर तू विसरशील."

मार्लिसला हसू आलं आणि तिने ते लोणच्याच्या बरणीत दडवलं. आर्विडला मात्र हसू आलं नाही. तो वाट बघत होता. काहीतरी यायचं होतं, हे त्याला कळत होतं. सिग्नेच्या जागी तो स्वतः असता, तर त्याने काय केलं असतं, तेही त्याला माहीत होतं.

सिग्नेने बशी उचलली, गार कॅसरोलचे दोन घास उभ्यानेच खाल्ले, गिळले. मग म्हणाली, "डॅड, आजपासून तू ट्रकवर नाहीस."

"सिग," नेल्स म्हणाला.

"थांब. ट्रकवर दर फेरीला ठरवावं लागतं, कुठून आलो, कुठे ओतायचं. मध्ये फोन, मध्ये माणसं. ते तुझ्याच्याने होत नाही, आणि तू ते कबूलही करत नाहीस. हार्वेस्टरवर एकच शेत असतं, एकच धान्य, आणि यंत्र इतकं वाजतं की मन दुसरीकडे जात नाही. तिथे तू आमच्या सगळ्यांपेक्षा भारी आहेस. नेल्स ट्रकवर येईल, माझ्याबरोबर. फोन तुझा मॉमकडे राहील." तिने श्वास घेतला. "ही शिक्षा नाही. मी स्वतःलाही असंच जिथे बसेन तिथे बसवते. पण हा निर्णय आहे. मी कापणी चालवते आहे ना?"

ज्या माणसाने चाळीस वर्षं या जमिनीवर कोण कुठे बसेल हे ठरवलं, त्याला त्याची मुलगी जागा दाखवत होती, आणि तीही सगळ्यांसमोर. मार्लिसचा जीव टांगणीला लागला. आर्विड उठला. त्याने खिशातून फोन काढला, एकदा हातात तोलला आणि बायकोच्या हातावर ठेवला. मग ट्रकची किल्ली नेल्सकडे फेकली आणि कापलेल्या गव्हाच्या धसकटांतून हार्वेस्टरकडे चालायला लागला. चालताना गुडघा दुखतो हे लपवायचा त्याने प्रयत्न केला नाही.

"पाय तरी खाऊन जा," व्हर्ना मागून म्हणाली. त्याने वळून न बघता हात हलवला.

नेल्स किल्ली घेऊन उभा होता. "मला ते हातावर लिहावं लागेल का?"

"लागेल," सिग्ने म्हणाली, आणि खिशातला पेन त्याला दिला.

ती कोठ्यांकडे निघाली. अर्ध्या वाटेवर असतानाच हार्वेस्टर घरघरलं आणि तिच्या कमरेचा रेडिओ खरखरला. आर्विडचा आवाज. रेडिओवर तो नेहमी हुकूमच सोडायचा. आज विचारत होता.

"सिग्ने, सुरू करू का?"

तिने वर आभाळाकडे पाहिलं, गव्हाकडे पाहिलं, मग पाइप सहा नंबरवर आहे की नाही हे पाहिलं.

"कर," ती म्हणाली.